लिंबोणीखाली पुरलेल्या पट्ट्या

सूनबाईची कुदळ पहिल्याच घावाला अडकली तेव्हा मी ओट्यावर बसून चहा पीत होतो. आमच्याकडे कुदळ अडकली की दगड लागला असंच समजायचं. जबलपूरला मदन महालच्या टेकडीच्या पायथ्याला घर आहे, वीतभर माती आणि खाली नुसता खडक. म्हणून बसल्या जागेवरूनच सांगितलं, "थोडी बाजूला मार."

तिनं बाजूला मारली. तिथंही अडकली. पण दगडाचा आवाज येत नव्हता. तिनं जोर लावून कुदळ उचलली तर टोकाला एक गुंता लटकून वर आला, नारळाच्या शेंडीसारखा, मातीनं लडबडलेला, आणि त्यात लिंबोणीची बारीक मुळं अडकलेली. तिनं तो नळाखाली धरला. माती वाहून गेली आणि आतून लाल, हिरवे, पांढरे, निळे, बोट-बोट लांबीचे तुकडे निघाले. काल कापल्यासारखे चमकत होते.

"बाबा, ये क्या है?"

मला पाहताक्षणी कळलं होतं. पण मी म्हणालो, "असेल कचरा. कोणी टाकला असेल."

हे खोटं होतं. तो मीच टाकला होता. टाकला म्हणणंही बरोबर नाही, पुरला होता, आणि वर हळदीकुंकू वाहून पुरला होता. ते कसं झालं हे लिहायला बसलो आहे. माझी शाळा चौथीत संपली. मुलगा म्हणाला तुम्ही सांगा, मी मोबाइलवर टाइप करतो. मी नाही म्हटलं. जे केलं ते या हातानं केलं, तर लिहायचंही याच हातानं. नावं कोणाची घालत नाही. ज्यांच्या खुर्च्या विणल्या त्यांतले बरेच गेले, आणि जे आहेत त्यांना आपली खुर्ची चारचौघांत नको असेल.

तर मी खुर्च्या विणायचो. सुतार लाकडाचा सांगाडा करून देतो, बसायची आणि पाठीची जागा मोकळी सोडतो. ती जागा जाळी विणून भरायची ते माझं काम. शिकलो स्टेशनजवळच्या एका उस्तादाकडे. तेव्हा सगळं काम वेताचं. वेताची साल लांब पट्टीसारखी येते, ती पाण्यात भिजवायची, मऊ झाली की चमकती बाजू वर ठेवून भोकांतून ओढायची. आधी उभी, मग आडवी, मग दोन्हीकडून तिरपी. मधे आठ कोनांची भोकं पडली पाहिजेत, सगळी सारखी. सारखी आली नाहीत तर उस्ताद रागवत नसत. विळीसारखी एक वाकडी सुरी होती त्यांची, ती घेऊन सगळी जाळी कापून टाकत आणि आपल्या कामाला लागत. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

त्यांचा एक नियम होता. दिवसभरात वेताची जी टोकं कापली जातात ती झाडून रस्त्यावर ढकलायची नाहीत. "रोज़ी रास्ते पर नहीं फेंकते," ते म्हणत. दुकानामागे जांभळाचं झाड होतं, त्याच्या बुडाशी खड्डा, त्यात ती टोकं जायची. वर्षभरानं त्या खड्ड्यात हात घातला तर हाताला काळी भुसभुशीत माती लागायची, आणि जांभळं अशी की खाली चादर धरावी लागे.

मी स्वतःचं काम घरी सुरू केलं तेव्हा हा नियमही घरी आणला. मागच्या अंगणात लिंबोणीखाली खड्डा केला. त्यात आपली एक रीत जोडली. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की वर्षाची साठलेली टोकं टोपलीत घ्यायची, त्यांवर हळदीकुंकू, एक झेंडूचं फूल, आणि खड्ड्यात टाकून वर माती ओढायची. आमची म्हातारी तेव्हा नवी नवरी होती. ती ओवाळायची.

मग बाजारात प्लास्टिकची पट्टी आली.

आजकाल सगळे प्लास्टिकला शिव्या देऊन राहिले, तर मी खरं सांगतो. ती पट्टी पाहून मला जेवढा आनंद झाला तेवढा लग्नातही झाला नसेल. वेत भिजवा, वाळवा, जपा. पावसात सैल पडतो, उन्हात तडकतो, भुंगा लागतो, घरातलं कुत्रं चावतं. ही पट्टी भिजवायची नाही, जपायची नाही, आणि रंग पाहिजे तो. पहिल्यांदा एका डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या बाकाला लाल-पांढरी विणली. लोक दुखणं विसरून बाकाकडे पाहत. मग मुलींच्या शाळेनं हिरवी मागितली. वकिलांनी काळी. मी प्रत्येकाला एकच सांगायचो, "ही कुजणार नाही. तुमचा नातू बसेल हिच्यावर."

वेत आणि पट्टी, दोन्हींची कापलेली टोकं असतात. रोजी ती रोजी. मी ती टोपलीत साठवली आणि खंडेनवमीला लिंबोणीखाली पुरली. फूल वाहिलं. दरवर्षी, एक खड्डा भरला की शेजारी दुसरा, असं अंगणभर. कुजणार नाही हे गिऱ्हाइकाला शंभरदा सांगणारा माणूस मी, आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की खुर्चीत जे कुजत नाही ते मातीत तरी काहून कुजेल.

उस्तादाच्या डोक्यात आलं होतं. त्यांची नजर गेल्यावर एकदा मी त्यांना रिक्षानं घरी आणलं, माझं काम दाखवायला. दाखवायला म्हणजे मिरवायला. त्यांनी बोटांनी सगळी जाळी चाचपली, एकही चूक सापडली नाही.

"अच्छा है. चिकना है," ते म्हणाले. "इसकी कतरन कहाँ डालता है?"

मी छाती काढून सांगितलं, तुम्ही शिकवलं तिथंच, झाडाखाली.

त्यांनी जाळीवरचा हात काढला. मग म्हणाले, "मिट्टी से पूछ लिया?"

मला वाटलं म्हातारा जळून राहिला. त्याचं वेताचं दुकान बसलं होतं तेव्हा. मी चहा पाजला आणि परत सोडून आलो. पुन्हा बोलवलं नाही.

आता कुदळीच्या दिवसाकडे येतो. शिमगा नुकताच झाला होता. सूनबाईला मागच्या अंगणात भाजी लावायची होती. ती बाजारातून भाजी आणते ती रोज एका पातळ पिशवीत येते, पिशव्या घरात साठतात, तिला त्याचा राग आहे. "घरची भाजी असली तर पिशवी पण नाही," असा तिचा हिशेब. तिनं दुपारपर्यंत तीन-चार ठिकाणी खणलं. सगळीकडे तेच. पावसाचं पाणी त्या जागी का तुंबतं आणि लिंबोणी दोन वर्षांपासून नुसती फुलं काहून गाळते, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

संध्याकाळी मुलगा ऑफिसातून आला. त्यानं अंगण पाहिलं, ढीग पाहिला, आणि हात न लावता निकाल दिला. "बाबा, पूर्ण सिमेंट करून टाकू. गाडी तरी ठेवता येईल. यात आता काही उगत नाही."

"बोललास?" मी म्हणालो.

"काय चूक बोललो? तुम्हीच सांगा, हे काय आहे?"

म्हातारी लसूण सोलत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "तुझ्या बापाची खंडेनवमी."

सूनबाईनं ओढणी तोंडाशी धरली. हसत होती का ते मला दिसलं नाही.

मला राग सिमेंटचा आला, आणि त्याचं कारण मुलाला माहीत होतं. ही माती इथली नाही. माझा बाप अमरावतीकडून आला तो शहपुऱ्याला एका शेतकऱ्याकडे सालदार म्हणून राहिला. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी. मटरच्या पोत्यांची बैलगाडी घेऊन तो जबलपूरला यायचा. पुढे या टेकडीखाली ही जागा मिळाली तेव्हा इथं गवतही उगत नव्हतं. म्हणून प्रत्येक खेपेला गाडीत दोन टोपल्या शहपुऱ्याची काळी माती घालून आणायचा आणि खडकावर पसरायचा. किती वर्षं, ते मला माहीत नाही. मी रांगत असताना ती अंगणभर झाली होती एवढं ऐकलं आहे. बापानं आपल्याला जमीन ठेवली नाही म्हणतात लोक. माझ्या बापानं ठेवली होती, टोपलीनं आणून. आणि मी तिच्यात काय पुरलं ते समोर पडलं होतं.

"सिमेंट नाही," मी म्हणालो. "मी साफ करतो."

"कधी?"

"पावसाच्या आधी."

"सगळं?"

"सगळं. एक तुकडा दिसला तर तुझं सिमेंट."

मुलगा म्हणाला, "लिहून देता?" मी म्हणालो, माझ्या तोंडाचं लिहिल्यापेक्षा पक्कं आहे. आता मागे वळून पाहतो तर 'सगळं' हा शब्द उगाच बोललो. पण तेव्हा बोललो.

दुसऱ्या दिवशी गवंड्याकडून वाळूची चाळणी मागून आणली, ती मोठी, तिरपी उभी करायची. सकाळी ऊन चढायच्या आधी आणि संध्याकाळी. फावड्यानं माती उचलायची, चाळणीवर मारायची, खाली माती, वर तुकडे. सोपं वाटतं. पण पट्टी मुळांत विणून बसली होती. लिंबोणीनं माझी जाळी माझ्यापेक्षा चांगली विणली होती म्हणा. तिथं बोटांनी एक एक ओढावं लागे, मूळ न तोडता. गुडघे दुखत. खुर्ची घेऊन बसलो तर म्हातारी म्हणाली, "वा, खुर्चीचं पाप खुर्चीवर बसून धुऊन राहिले."

रंग निघत गेले तसे लोक निघत गेले. लाल-पांढरी आली की दवाखान्याचा बाक आठवे, तिथला औषधांचा वास आठवे. हिरवी मुलींच्या शाळेची. त्या खुर्च्या विणायला मी आठवडाभर शाळेच्या व्हरांड्यात बसलो होतो आणि मधल्या सुट्टीत पोरी गोल करून उभ्या राहत. काळी वकिलांची. एक फिकी जांभळी निघाली ती कोणाची ते दोन दिवस आठवेना. म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, "माझ्या माहेरची. तुम्ही खुर्ची विणून दिली आणि माझ्या भावानं ती विकली." मग ते भांडण पुन्हा नव्यानं झालं.

सगळ्यांत वर पांढरे तुकडे होते आणि त्यानंतर एकदम काही नव्हतं. तिथं माझा धंदा संपला. एकसंध प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, एकावर एक रचता येणाऱ्या. मांडववाले त्याच घेऊ लागले, मग दुकानवाले, मग घरोघरी. त्यांना विणायला काही नसतं. पाय मोडला की फेकायची. मी पुरलं ते निदान अंगणापुरतं तरी होतं, या खुर्च्यांचे ढीग मी गावाबाहेर पाहिले आहेत. हे मी आपलं लपवायला सांगत नाही. चांगली विणलेली खुर्ची तीस वर्षं टिकली त्याची मला लाज नाही, आजही नाही. लाज त्या टोकांची आहे. बसायला तीस वर्षं दिली, आणि टोकं कुठं जातील हा विचार करायला तीस क्षण दिले नाहीत.

निघालेले तुकडे धुऊन पोत्यात भरले. भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं मूठभर हातात घेतले, वास घेतला, परत टाकले. "दादा, इसका कुछ नहीं होता. मिक्स माल है." मग कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली तेव्हा पोतं घेऊन गेलो. गाडीवरच्या भैयाला विचारलं, हे कुठं जाईल? तो म्हणाला, "कहीं तो जाता होगा, बाबूजी." म्हणजे कोणाच्या तरी मातीत. मी पोतं परत आणलं. अजून माळ्यावर आहे. त्याचं काय करायचं ते मला कळलेलं नाही, आणि कोणाला खरोखर कळलं असेल तर येऊन सांगावं.

वैशाखात मला पहिला धक्का बसला. चाळून झालेल्या भागात हात घातला तर बोटांना काही रवाळ लागलं. उन्हात धरून पाहिलं. जे तुकडे वर, उन्हात राहिले होते ते कुजले नव्हते, पण भुगा झाले होते. मीठ सांडल्यासारखा पांढरा, मधे एखादा हिरवा कण. चाळणीतून आरपार खाली गेला होता. एवढे दिवस मी मोठे तुकडे काढत होतो आणि बारीक मातीत नीट मिसळून देत होतो.

त्या संध्याकाळी मी चाळणी उचलली नाही. सूनबाईनं विचारलं, "बाबा, आज नाही करत?"

"जे डोळ्याला दिसत नाही ते काय काढू?"

ती आत गेली. थोड्या वेळानं बादलीत पाणी घेऊन आली, त्यात दोन मुठी माती टाकली, हातानं ढवळली आणि थांबली. माती खाली बसली, वर फेस आला आणि फेसासोबत कण तरंगले. तिनं चहाच्या गाळणीनं ते उचलले आणि माझ्यासमोर ओट्यावर आपटले.

"तांदूळ धुते तशी," ती म्हणाली. "हलकं वर येतं."

"सगळं वर येत नाही," मी म्हणालो. काही पट्टी बुडणारी होती, मला माहीत होतं.

"जितकं येईल तितकं तर येईल ना. चलो, ढवळा."

घरात चहाची गाळणी नवी आणावी लागली. त्यानंतर ती रोज संध्याकाळी अर्धा तास माझ्यासोबत बसायची. ती जबलपूरचीच, मराठी समजते पण बोलताना मधेच हिंदीत उतरते. माझं तिच्याशी आजवर जेवढं बोलणं झालं नव्हतं तेवढं त्या बादलीवर झालं.

याच दिवसांत राइट टाउनच्या एक निवृत्त शिक्षिका ऑटोतून खुर्ची घेऊन आल्या. जुनं घराणं, मराठी एकदम शुद्ध. त्यांच्या वडिलांची खुर्ची होती, मी पट्टीनं विणलेली. बसल्या बसल्या जाळी फाटली आणि त्या आत अडकल्या होत्या.

"नातवंडांनी ओढून काढलं मला," त्या म्हणाल्या. "तुम्ही तर म्हणाला होतात नातू बसेल."

"नातू होईपर्यंत टिकली, म्हणून तर ओढायला नातू होता," मी म्हणालो.

त्या हसल्या. मग म्हणाल्या, तशीच निळी पट्टी पाहिजे.

मी म्हणालो, आता विणेन तर वेतानं, नाही तर नाही.

"अहो, माझ्या वडिलांना वेतच हवा होता. तुम्हीच त्यांना ऐकवलंत की वेत म्हणजे म्हाताऱ्यांचं काम."

"बरोबर ऐकवलं. आता झालो म्हातारा."

बाजारातल्या एका जुन्या फर्निचरवाल्यानं वेत मागवून दिला. वेटोळं हातात घेतलं तेव्हा त्याचा वास आला, ओल्या गवतासारखा, आणि माझा हात आपोआप बादली शोधू लागला. पण बोटांना आठवण होती आणि जोर नव्हता. तिरप्या ओळीत एक घर चुकलं. कोणाला दिसलं नसतं. मी रात्रभर ते मनात ठेवलं आणि सकाळी सुरी घेऊन अर्धी जाळी कापली. म्हातारीनं पाहिलं. ती म्हणाली, "उस्ताद आले वाटते." टोमणाच होता, पण मला तो गोड लागला.

कापलेली जाळी आणि टोकं मी लिंबोणीच्या बुडाशी, धुतलेल्या मातीत टाकली. खंडेनवमी लांब होती. फूल नव्हतं. माती ओढण्याआधी थोडा थांबलो. विचारायचं म्हणून थांबलो, आणखी काही नाही.

बाई खुर्ची न्यायला आल्या, बसून पाहिलं, आणि जाताना म्हणाल्या, घरी आणखी दोन आहेत.

मृगाच्या आधी दोन दिवस मुलानं गवंडी बोलावला. तोच, ज्याची चाळणी माझ्याकडे होती. तो टेप घेऊन अंगणात उभा राहिला. त्या वेळी अंगणाचा मागचा तिसरा हिस्सा तसाच होता, भिंतीलगतचा. मी हात लावू शकलो नव्हतो. आणि जिथं लावला होता तिथंही कण नसतील असं छातीवर हात ठेवून सांगता येत नव्हतं.

माझ्या तोंडाचं पक्कं असतं असं मी म्हटलं होतं. आयुष्यात मी कोणाकडे मुदत मागितली नाही. उस्तादाकडेही नाही, त्यांच्या मयतीलाही उशिरा पोचलो आणि कोणाला कारण सांगितलं नाही. त्या सकाळी मी चप्पल न घालता अंगणात उतरलो आणि मुलाला म्हणालो, "झालं नाही."

त्यानं विचारलं, "किती राहिलं?"

"तिसरा हिस्सा. आणि जे झालं त्यातही बारीक असेल. सगळं निघत नाही. मी चुकीचं बोललो होतो."

गवंडी टेपकडे पाहू लागला. सूनबाई दारात आली. म्हातारी आत भांडी घासत होती, तो आवाज थांबला.

मुलगा लिंबोणीजवळ गेला. त्यानं वाकून माती उचलली, मुठीत दाबली, सोडली. ती मोकळी पडली. मग त्यानं पुन्हा उचलली. लहानपणी हा याच झाडाखाली मातीचे पेढे करायचा. ते त्याला आठवलं का, मी विचारलं नाही.

"पुढच्या पावसाळ्यापर्यंत होईल?" तो म्हणाला.

"होईल."

"आणि तुम्ही नसलात तर?"

"तर तू चाळ."

आतून म्हातारीचा आवाज आला, "सकाळी सकाळी काय अभद्र बोलून राहिला रे."

मुलगा हसला. तो फार हसणारा माणूस नाही. गवंड्याला म्हणाला, "भैया, गेट से यहाँ तक कर दो, गाड़ी जितना. बाकी रहने दो." ती गेटाजवळची पट्टी नुसता खडकच आहे, तिथं बापाचीही टोपली पोचली नव्हती. मी हरकत घेतली नाही. गवंडी जाताना म्हणाला, "दादा, छन्नी?" मी म्हणालो, और एक साल लगेगा. तो चाळणी सोडून गेला.

त्या रविवारी मुलानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि भिंतीकडच्या मातीला पहिलं फावडं मारलं. काळी पट्टी निघाली. "ही कोणाची?" त्यानं विचारलं. मी वकिलांची गोष्ट सांगितली. त्याला ती माहीत नव्हती.

पाऊस सुरू झाल्यावर सूनबाईनं धुतलेल्या मातीत अंबाडी आणि भेंडी पेरली. अंबाडी म्हातारीच्या हट्टानं, तिला भाकरीसोबत आंबट भाजी लागते. पाणी यंदा तुंबलं नाही, जिरलं. आठवड्याभरात कोंब वर आले. मी वेताची टोकं टाकली होती तिथं बोटानं उकरून पाहिलं. काळी पडली होती, दाबली तर तुटत होती. अजून माती झाली नाही, पण वाटेवर आहे. लिंबोणीला फुलं आली आहेत, ती धरतात का गाळते ते मी पाहून राहिलो.

परवा सकाळी मी ओट्यावर बाईंची तिसरी खुर्ची घेऊन बसलो होतो. सूनबाई वाकून अंबाडीची विरळणी करत होती. एकदम थांबली. दोन पानांचा एक कोंब मातीतून वर येताना डोक्यावर एक लाल तुकडा उचलून आला होता, टोपी घातल्यासारखा.

"बाबा," ती म्हणाली, आणि मधे हिंदीत न उतरता बोलली, "तुमचा दवाखान्याचा बाक उगवला."

दाराशी मी पत्र्याचा डबा ठेवला आहे, कोणालाही तुकडा दिसला तर त्यात टाकायचा.

"टाक डब्यात," मी म्हणालो. "कोंब मोडू नको."